शेकरू आणि कोशाचा पतंग: एकाच ऐनावरच्या दोन प्रजातींची तुलना कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण गडचिरोलीतल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीच्या मुलांना प्रकल्प करायचा आहे. शेकरू हा जंगलातला कृंतक प्राणी आणि कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा पतंग, या दोघांची प्रजाती म्हणून तुलना करायची आहे. तक्त्यात काय लिहावं, निरीक्षण कसं करावं आणि दोघांपैकी जास्त धोक्यात कोण, असं गुरुजींनी विचारलंय.

"पाठीचा कणा आहे, नाही, पिल्लं देतो, अंडी घालतो" असा दोन रकान्यांचा तक्ता पाच मिनिटांत भरून होतो आणि मुलांच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. जोडी मात्र फार चांगली निवडली आहे. दोघंही ऐनाच्या झाडावर जगतात, पण त्याच झाडाकडून दोघांना अगदी वेगळं काही हवं असतं. शेकरूला ऐन उंच, जुना आणि शेजारच्या झाडाला फांदी भिडलेला हवा. कोशाच्या अळीला उंचीशी घेणं नाही, तिला कोवळा, रसदार पाला हवा. तुलना याच धाग्याने करा.

सुरुवात झाडापासून करावी. ऐन (काही गावांत येन म्हणतात) सालीवरून ओळखता येतो: काळपट, जाड आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली साल. पान उलटं करून पाहिलं तर देठाजवळ, मधल्या शिरेच्या बाजूला बारीक गाठीसारख्या ग्रंथी दिसतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी असते आणि तिचे पापुद्रे निघतात. तो बहुधा नदी-नाल्याच्या काठी असतो. अळी दोन्ही झाडांवर वाढते, म्हणून मुलांना दोन्ही ओळखता आली पाहिजेत.

वर्गीकरण दोन-तीन ओळींत संपवा. दोघंही प्राणिसृष्टीतले, साम्य तिथेच थांबतं. शेकरू, शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका, हा पृष्ठवंशी, सस्तन, कृंतक गणातला आणि खारींच्या कुळातला. पतंग, शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा, हा संधिपाद, कीटक, फुलपाखरं-पतंगांच्या लेपिडोप्टेरा गणातला आणि सॅटर्निडी कुळातला. दोघांचा समान पूर्वज शोधायचा तर ५० कोटी वर्षांहूनही मागे जावं लागतं. मुलांचे दोन गैरसमज इथेच दूर करा. चिचुंद्री आणि ससा कृंतक नाहीत. उंदीर, घूस, साळिंदर आणि सगळ्या खारी मात्र कृंतकच. दुसरं, गडचिरोलीच्या जंगलात उडणारी खारही आहे आणि गावात तिची शेकरूशी सर्रास गल्लत होते. उडणारी खार रात्री बाहेर पडते, ढोलीत राहते आणि पुढच्या-मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्यावर तरंगत जाते. शेकरू दिवसा हिंडतो, त्याला पडदा नसतो, तो उडी मारतो. ती उडी ६ मीटरपर्यंत जाते.

शरीराबद्दल सगळं लिहीत बसू नका, तीनच गोष्टी घ्या. पहिली, तोंड. शेकरूचे वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दातावरचं कठीण आवरण फक्त पुढच्या बाजूला असतं. मागची बाजू मऊ, ती लवकर झिजते, म्हणून धार आपोआप टिकते. एक दात मोडला तर त्याच्या समोरचा झिजत नाही, वाढतच जातो आणि प्राण्याला खाता येईनासं होतं. टसरच्या अळीचे जबडे आडवे, कात्रीसारखे चालतात आणि पानाची कड कुरतडतात. आणि पतंग? त्याला खाण्यापुरतं तोंडच उरलेलं नसतं. पंख फुटल्यावर तो एक थेंबही घेत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर पाच ते दहा दिवस काढतो आणि मरतो. मुलांना हे सांगून पटत नाही. पतंगाचं डोकं भिंगातून दाखवलं की पटतं.

दुसरी, श्वास आणि रक्त. शेकरूला फुप्फुसं, लाल रक्त आणि बंद रक्तवाहिन्या. अळीच्या दोन्ही अंगांना छिद्रांची एकेक रांग असते, छातीवर एक जोडी आणि पोटावर आठ. हवा तिथून बारीक नळ्यांवाटे थेट पेशींपर्यंत जाते, त्यामुळे तिच्या रक्ताला प्राणवायू वाहून न्यावा लागत नाही आणि ते लाल नसतं. मज्जारज्जू शेकरूच्या पाठीत असतो, अळीची चेतारज्जू पोटाच्या बाजूने जाते. शरीराच्या उष्णतेबाबत मात्र "उष्ण रक्ताचा, थंड रक्ताचा" असं लिहून मोकळे होऊ नका. हा मोठा पतंग उडण्याआधी पंख थरथरवून छातीचे स्नायू गरम करतो. तो थरथरताना मुलांना दाखवता येतो.

तिसरी, नर-मादी ठरण्याची रीत. शेकरूत, माणसासारखंच, नराची दोन लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात आणि मादीची सारखी. पतंगांत नेमकं उलटं. तक्त्यातली ही ओळ मुलं वर्षभर विसरत नाहीत.

आता आयुष्याचा हिशेब, म्हणजे तुलनेचा खरा गाभा. शेकरूची मादी एका वेळी एक किंवा दोन पिल्लं देते, क्वचित तीन. पिल्लू उंच घरट्यात आईच्या दुधावर वाढतं. पूर्ण वाढीचा शेकरू दीड ते दोन किलोचा होतो आणि बंदिस्त अवस्थेत १५ वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. टसरची मादी दोन-तीन रात्रींत २०० च्या आसपास अंडी घालते आणि पिल्लाचं तोंडही न बघता मरते. संख्या जैसे थे राहायची तर त्या २०० पैकी सरासरी दोनच जगून वीण घालू शकले तरी पुरतं. बाकीचे मुंग्या, पक्षी, गांधीलमाश्या आणि रोग यांच्या वाट्याचे. म्हणून एका पावसाळ्यात अळ्यांचा फडशा पडला तरी चांगलं बीज, म्हणजे निरोगी अंडी, आणि चांगला पाला असेल तर प्रजाती पुढच्या हंगामात सावरते. शेकरूच्या दोन-चार माद्या गेल्या, तर त्या तुकड्यातलं जंगल कित्येक वर्षं रिकामं राहू शकतं.

पतंगाचं निरीक्षण शाळेत सहज जमतं, फक्त वेळ साधावी लागते. हिवाळी पिकाच्या कोषातले किडे उन्हाळाभर कोषातच सुप्त राहतात आणि पावसाची चाहूल लागली की जून-जुलैत पतंग निघतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा वेळ जुळते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत कोसा, म्हणजे टसरचे कोष, पिकवणारे आहेत, त्यांत ढिवर समाजाची कुटुंबं जुनी जाणकार. आरमोरी हे त्यातलं मोठं केंद्र. तिथून किंवा जवळच्या कोसा उत्पादकाकडून १०-१२ बीजकोष, म्हणजे अंड्यांसाठी राखलेले जिवंत कोष, मागून आणा. कोष हलवून पाहा: आतला किडा जिवंत असेल तर कोष जड लागतो आणि आत ठोस काही आपटतं, हलका, खुळखुळणारा कोष मेलेला समजा. कोष त्याच्या टोकाच्या रेशमी दांडीने दोरीत ओवून, माळ करून, हवेशीर, सावलीच्या खोलीत टांगा. पत्र्याच्या खोलीत नको. आतली उष्णता वाढली की किडा आतच मरतो.

पतंग संध्याकाळनंतर निघतो. आधी कोषाचं दांडीकडचं टोक ओलं होतं. पतंग तोंडातून एक पाचक द्रव सोडतो, त्याने धाग्यांना चिकटवणारा डिंक विरघळतो आणि धागे बाजूला सारून तो बाहेर येतो. तेव्हा पंख चुरगळलेले, ओले असतात. ते पसरायला त्याला खरखरीत आधाराला लटकावं लागतं. प्लास्टिकच्या गुळगुळीत डब्यात ठेवलेला पतंग घसरतो, पंख तसेच आखडून वाळतात आणि तो जन्मभर अपंग राहतो. शाळेत सर्वांत जास्त होणारी चूक हीच. माळेशेजारी गोणपाट टांगून ठेवा.

पंख वाळले की प्रत्येक पंखावर एक गोल डोळा दिसतो. त्या डोळ्याच्या मधला भाग काचेसारखा पारदर्शक असतो. मेलेल्या पतंगाचा पंख वर्तमानपत्रावर ठेवला तर त्यातून खालचं अक्षर वाचता येतं. नर बहुधा तांबूस-तपकिरी, मादी पिवळसर किंवा राखी, पण रंगावर फार भिस्त ठेवू नका. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बघा. नराच्या रुंद, पिसासारख्या, मादीच्या अरुंद. मादीचं पोट अंड्यांनी फुगलेलं असतं, ती एका जागी बसून गंध सोडते आणि नर तो गंध पकडून लांबून येतो. नराच्या शृंगिका रुंद असतात त्या यासाठीच.

जोडी रात्री जुळते, दुसऱ्या दिवशी ती सोडवून मादीला जाळीच्या पिशवीत किंवा मातीच्या पसरट भांड्यात ठेवतात. एका मादीच्या अंड्यांना अंडीपुंज म्हणतात. बीजागारात, म्हणजे जिथे पिकासाठी अंडी तयार करतात तिथे, अंडी घालून झाल्यावर मादीचं पोट खलबत्त्यात कुटून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली, ६०० पट मोठा करून तपासतात. चकचकीत, लंबगोल बीजाणू दिसले तर पेब्रिन रोग आहे, आणि तो पुंज जाळून टाकतात. पेब्रिन आईकडून अंड्यात उतरतो, अळी बाहेर येते ती रोग घेऊनच. शाळेत ही तपासणी होणार नसेल तर तिथली अंडी गावातल्या कोशाच्या बागेत देऊ नका. अळ्या वाढवायच्या असतील तर तपासलेला पुंजच आणा.

अंडी आठ ते दहा दिवसांत, बहुधा सकाळी फुटतात. आरंभीची अळी तपकिरी, काळ्या डोक्याची. पुढे हिरवी होते आणि अंगावर चांदीसारखे चमकणारे ठिपके येतात. ती चार वेळा कात टाकते, म्हणजे एकूण पाच अवस्था. पावसाळी पिकात हे ३० ते ४० दिवसांत आटपतं, थंडीच्या पिकात ५० दिवसांच्या वर जातं. आयुष्यात खाल्लेल्या पाल्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त पाला ती शेवटच्या अवस्थेत खाते. म्हणून शाळेच्या आवारातल्या एका लहान ऐनावर २० ते २५ अळ्याच सोडा. अख्खा पुंज सोडला तर झाड आठवडाभर पुरल्यासारखं वाटतं आणि पाचव्या अवस्थेत पाला संपतो. भुकेली अळी खाली उतरते आणि मुंग्यांच्या तावडीत सापडते.

झाडाखालचा कचरा काढून ब्लीचिंग पावडर आणि विरलेला चुना १:९ या प्रमाणात मिसळून जमिनीवर पसरवा. अंडी ऐनाच्या पानाच्या द्रोणात ठेवून द्रोण कोवळ्या पालवीजवळ बांधा आणि झाडावर नायलॉनची जाळी घाला. अळी कात टाकताना डोकं वर करून निश्चल बसते. मुलांना ती आजारी वाटते आणि ती तिला काडीने हलवतात. तेवढं रोखा, त्या वेळचा धक्का तिला सोसत नाही. दुसऱ्या झाडावर न्यायचं तर अळी ओढून काढू नका. पायांचे आकडे डहाळीत रुतलेले असतात, कातडी फाटते आणि रोग शिरतो. डहाळीच कापून नव्या झाडावर अडकवा.

रोग दिसण्यावरून ओळखता येतात. मागच्या पायांवर डोकं खाली करून लोंबणारी, मऊ पडलेली अळी विषाणूची. विष्ठा मण्यांच्या माळेसारखी जोडून येत असेल, गुदद्वार चिकटलेलं किंवा बाहेर आलेलं असेल, तर जीवाणूचा रोग. अशी अळी चिमट्याने उचलून चुन्यासह पुरा, तिथेच फेकू नका. अंगावर काळा डाग दिसला तर उझी माशीचं अंडं उबून तिची अळी आत गेलेली आहे. त्या अळीने कोष केला तरी तो वाया जातो. एका पुंजातून ४०-५० कोष हाती आले तर पीक चांगलं समजतात. हा आकडा मुलांना जरूर सांगा, वरचा आयुष्याचा हिशेब त्याने पक्का होतो: माणसाने जाळी लावून, रात्रंदिवस राखण करूनही २०० पैकी एवढेच वाचतात.

कोष करताना अळी पानं ओढून घेते, डहाळीभोवती रेशमाचं कडं घालून त्यातून दांडी उतरवते आणि अंडाकृती कवच विणते. आतून ती चुन्यासारखा द्रव फासते, त्याने कवच कडक होतं. पान गळून पडलं तरी कोष डहाळीला पक्का लटकलेला राहतो. शेकरूचं घरटं आणि हा कोष शेजारी-शेजारी काढून दाखवा. एक आहे पाला-डहाळ्या आणून रचलेलं, पुन्हा पुन्हा वापरायचं घर. दुसरं स्वतःच्या अंगातल्या धाग्याचं, एकदाच वापरायचं.

शेकरूसाठी वेगळी पद्धत लागते, तो शाळेत येणार नाही आणि आणायचाही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, पिल्लू उचलणं हा गुन्हा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐनाची पानं गळतात, तेव्हा घरटी उघडी पडतात. वनरक्षकांना सांगून, त्यांच्यासोबत, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत एक किलोमीटरची वाट अगदी सावकाश चाला. दुपारी तो फांदीवर पसरून झोपलेला असतो, दिसत नाही. ८×४० ची दुर्बीण पुरते.

घरटं गोल, डहाळ्या आणि पानांचं, शेंड्याकडच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात असतं. कावळ्याचं घरटं वाटीसारखं, नुसत्या काटक्यांचं. लाल मुंग्यांचं पानं पांढऱ्या जाळीने चिकटवलेलं आणि लहान. घरट्यातली पानं हिरवी असतील तर ते ताजं. सगळी तपकिरी आणि विस्कटलेली असतील तर सोडलेलं. एक शेकरू अनेक घरटी बांधतो, म्हणून "१२ घरटी म्हणजे १२ शेकरू" असं लिहू नका. घरट्यांची संख्या वेगळी, दिसलेले शेकरू वेगळे, ऐकलेले वेगळे, असे तीन आकडे ठेवा. प्रत्येक घरट्याच्या झाडाखाली उभं राहून वर बघा आणि लिहा: या झाडाच्या फांद्या शेजारच्या किती झाडांना भिडतात? ही नोंद बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. घरट्याला धोका वाटला तर शेकरू फांदीवरून फांदीवर निसटतो. झाड एकटं पडलं की त्याला जमिनीवर उतरावं लागतं, आणि जमिनीवर तो कुत्र्याच्या किंवा बिबट्याच्या तोंडी असतो.

कोशाच्या बागेत दात लागलेले कोष सापडले की कुणीतरी शेकरूवर आळ घेतो. बागेतली ऐनं छाटून बुटकी, एकमेकांपासून सुटी ठेवलेली असतात, म्हणजे कोवळी फूट येते आणि हात पोचतो. अशा झाडावर शेकरूचं घरटं टिकत नाही आणि तो तिकडे सहसा फिरकतही नाही. नासधूस बहुधा छोट्या पट्टेवाल्या खारीची, उंदराची नाहीतर पक्ष्यांची असते.

"प्रजाती म्हणजे आपसात वीण होऊन जननक्षम पिल्लं होणारे जीव" ही व्याख्या शेकरूला नीट बसते. त्याच्या रंगाच्या छटा प्रदेशागणिक बदलतात, भीमाशंकरचा वेगळा दिसतो, मध्य भारतातला वेगळा. उपप्रजाती किती मानाव्या यावर मतभेद आहेत, प्रजाती मात्र एकच. टसरकडे वळलं की व्याख्येला ताण पडतो. भंडारा, डाबा, सुकिंदा, बस्तरचा रैली हे सगळे अँथेरिया मायलिटाचेच स्थानिक वाण, कोषाचा आकार, कडकपणा आणि वर्षातली पिकं वेगवेगळी. याच वंशातल्या चीनच्या अँथेरिया पर्नी आणि आपल्या अँथेरिया रॉयली या दोन प्रजातींची गुणसूत्रसंख्या वेगळी असूनही त्यांच्या संकरातून ओक टसरचा जननक्षम वाण तयार झाला. व्याख्या माणसाने सोयीसाठी केलेली आहे, हे मुलांना याहून सोप्या उदाहरणाने कळणार नाही.

राहिला धोक्याचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत शेकरू 'कमी चिंतेच्या' गटात आहे. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणीही आहे. तरी तुमच्या तालुक्यापुरतं उत्तर त्या यादीत नाही, ते फांद्या भिडण्याच्या तुमच्या नोंदीत आहे. रस्ता रुंद झाला, मधली मोठी झाडं गेली, तर दोन्ही बाजूंना ऐन भरपूर असूनही शेकरूसाठी जंगलाचे दोन तुकडे पडतात. पतंगाला तो रस्ता अडवत नाही, नर उडून पार जातो. पतंगाचा धोका वेगळा आहे: जंगलातले कोष अंडी घालण्याआधी सरसकट वेचणं आणि बाहेरून आणलेलं, न तपासलेलं बीज स्थानिक वाणात मिसळणं. पीक एकदा बरं दिसलं म्हणून बीज बदललं की भंडारा वाणाचं इथल्या हवेशी जुळलेलं चक्र बिघडतं आणि पतंग पाऊस नसताना, पालवी नसताना निघू लागतात. म्हणून "जास्त धोक्यात कोण" या ओळीसमोर एक नाव लिहू नका. दोन रकान्यांत दोन कारणं लिहा, आणि प्रत्येकाखाली मुलांनी स्वतः पाहिलेली एक नोंद, तारीख आणि झाडाच्या जागेसह.